गोषवाऱ्यातून गळालेलं ‘म्हणे’

बी विंगच्या टाकीतला फ्लोट स्विच, म्हणजे पाण्याच्या पातळीनुसार पंप चालू-बंद करणारा खटका, आम्ही सहा आठवड्यांत दोनदा बदलला. दोन्ही वेळा काढलेला स्विच ठणठणीत होता. दुसऱ्या वेळी प्लंबरदादा गच्चीवरून खाली आले, स्विच माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, “साहेब, हा मीच लावलाय मागच्या महिन्यात. ही बघा माझ्या मार्करची खूण. खराब आहे म्हणून तुम्हाला सांगितलं कोणी?”

सांगितलं होतं आमच्या एजंटने, म्हणजे सोसायटीच्या नोंदी सांभाळणाऱ्या संगणकावरच्या मदतनीसाने. आणि एजंटला सांगितलं होतं त्याच्या स्वतःच्याच जुन्या टिपणाने.

आमची पुण्यातली ८४ फ्लॅटांची, तीन विंगांची सोसायटी. मी नोकरीत दिवसभर बॅकएंडचा कोड लिहितो, त्यामुळे सर्वसाधारण सभेत “तुम्ही कॉम्प्युटरमधले ना?” एवढ्या एका प्रश्नावर माझी मानद सचिव म्हणून बिनविरोध निवड झाली. पहिल्या महिन्यातच कळलं की सचिवाचं खरं काम म्हणजे आठवण ठेवणं. लिफ्टचं सर्व्हिसिंग कधी झालं, टँकर किती आले, गेल्या पावसाळ्यात गच्चीची कुठली बाजू गळली, पार्किंगचा दिवा कोणी बदलला. हे सगळं आधीच्या सचिवांच्या डोक्यात होतं आणि ते मुलाकडे बंगळूरला गेले होते.

म्हणून जानेवारीत एक एजंट उभा केला. फार मोठं काही नाही: बाजारात मिळणारं, मजकूर वाचून उत्तर लिहिणारं एक भाषा-मॉडेल, त्याच्याभोवती माझा पायथन भाषेतला चारेकशे ओळींचा कोड, आणि घरातल्या जुन्या लॅपटॉपवर रोज रात्री दहाला आपोआप सुटणारा क्रॉन जॉब. त्याच्या पोटात तीन ठिकाणचं खाद्य जायचं: व्हॉट्सॲपवरचा तक्रारींचा ग्रुप, टँकरच्या पावत्या आणि वॉचमनमामांचं रजिस्टर. रजिस्टरच्या पानाचा फोटो मामा रात्री पाठवायचे आणि मी तो टाइप करायचो. हस्ताक्षर ओळखणारं एक सॉफ्टवेअर लावून पाहिलं होतं, पण त्याने दोनदा ‘टँकर आला’चं ‘शंकर आला’ केलं, तेव्हा तो नाद सोडला. सगळ्या नोंदी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एका तक्त्यात, अनुक्रमांक आणि वेळेसकट. त्या तक्त्याला मी ‘कीर्द’ असं नाव दिलं. बार्शीत वडिलांचं किराणा दुकान होतं, तिथल्या रोजच्या व्यवहारांच्या वहीचा हा शब्द. नाव देताना नुसती गंमत वाटली होती. पुढे तोच शब्द कामी आला, पण ते नंतर.

समितीला शेवटपर्यंत न पटलेली गोष्ट म्हणजे या मॉडेलला स्वतःचं असं काहीच आठवत नाही. अध्यक्षकाका वैतागायचे, “अरे, काल तर मी त्याला सांगितलं की!” काका, तुम्ही सांगितलंत, पण ते त्या संभाषणापुरतं. प्रत्येक वेळी त्याची पाटी कोरी असते. त्याने काही ‘लक्षात ठेवलंय’ असं आपल्याला वाटतं, तेव्हा कोणीतरी ते लिहून ठेवलेलं असतं आणि प्रश्नाच्या आधी त्याच्यासमोर पुन्हा वाचून दाखवलेलं असतं. एजंटची दीर्घकालीन स्मृती वगैरे भारदस्त शब्द आहेत, प्रत्यक्षात ती एक वही असते. वहीत काय लिहायचं आणि कुठलं पान कधी उघडायचं, एवढाच सगळा प्रश्न.

पहिले तीन आठवडे मी वहीच ठेवली नाही. अख्खी कीर्दच प्रत्येक प्रश्नासोबत पाठवून द्यायचो. चाललं. मग नोंदी वाढल्या, बिल वाढलं आणि उत्तरं घसरायला लागली. ताज्या नोंदी त्याला बरोबर सापडायच्या, अगदी सुरुवातीच्याही सापडायच्या, मधल्या मात्र निसटायच्या. हा माझा एकट्याचा अनुभव नव्हता. लांबलचक मजकुराच्या मध्यावर पडलेली माहिती ही मॉडेलं टोकांवरच्या माहितीपेक्षा कमी चांगली वापरतात, हे २०२३ मधल्या एका संशोधनात मोजून दाखवलेलं आहे.

तेव्हा मग गोषवारा. दर रविवारी रात्री एजंटने आठवड्याच्या नोंदी आणि आधीची ‘आठवण’ नावाची फाइल वाचायची, दहा-बारा ओळींचा अहवाल लिहायचा आणि तो त्याच फाइलच्या शेवटी जोडायचा. महिनाअखेरीस चार साप्ताहिक गोषवाऱ्यांचा मिळून एक मासिक. रोजच्या प्रश्नांना उत्तर देताना त्याच्यासमोर फक्त ही फाइल. छोटी, सुटसुटीत, स्वस्त.

आणि इंग्रजी. हा माझा आगाऊपणा. देवनागरी मजकूर मॉडेलला महाग पडतो, ही धास्ती जुन्या दिवसांची. मजकुराचे ‘टोकन’ नावाचे तुकडे करणाऱ्या टोकनायझरला मराठी शब्द अंगवळणी नसायचे, त्यामुळे एकेका शब्दाची शकलं व्हायची, आणि बिल तुकड्यांवर. ती धास्ती तेव्हा खरीच होती. मे २०२४ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने नवं टोकनायझर आणलं तेव्हा त्यांनी दिलेल्या उदाहरणात एक छोटा मराठी मजकूर आधी ९६ टोकनं खायचा, तो ३३ वर आला. तोच मजकूर इंग्रजीत २४. म्हणजे आता फरक दीडपटीच्याही आतला. हे मला माहीत होतं, वाचलेलं होतं, तरी सवयीने मी एजंटला बजावलं की गोषवारा इंग्रजीत, तोही तारेच्या भाषेत लिही. सहा आठवडे मी त्या फाइलकडे कौतुकाने बघत होतो. बायको एकदा मागून डोकावून म्हणाली, “हे म्हणजे आपल्याच सोसायटीचं भाषांतर झालं की रे.” मी हसलो.

फ्लोट स्विचच्या दुसऱ्या प्रकरणानंतर मी पहिल्यांदा ती फाइल संशयाने वाचायला बसलो. आधी सगळं बरोबरच वाटलं. बी विंगची वरची टाकी पहाटे रिकामी सापडते, फ्लोट स्विच अडकतो, बदलला, तरी त्रास चालू, नवा भागही सदोष असावा, पुन्हा बदला. एका ओळीतून दुसरी ओळ निघत होती. मग ठरवलं की फाइल बाजूला ठेवायची आणि मूळ कीर्दीतच पाण्याविषयी काय काय आहे ते बघायचं.

आता कीर्दीत शोधायची सोयच मी केलेली नव्हती. एजंटला ‘आठवण’ होती, मग कीर्द कोण उघडणार? एसक्यूलाइटमध्ये शब्दशोधासाठी एफटीएस५ नावाची सोय असते. दहा मिनिटांत ती लावली, ‘पाणी’ हा शब्द टाकला आणि पडद्यावर जे आलं ते बघून मी चहाचा कप खाली ठेवला. सगळी ग्रुपवर टाकलेली महानगरपालिकेची पत्रं. टँकरवाल्याच्या पावत्या, ज्यांत पाण्याचा उल्लेखही नव्हता. माघी गणपतीला पेणहून मूर्ती आणायची की नाही, यावरची चर्चा.

पुणे. पेण. पाणी.

अर्धा तास डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांची संगणकातली प्रमाण यादी. तिच्या वर्गवारीत क, ख, ग ही ‘अक्षरं’ आहेत, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त यांची जागा ‘चिन्हां’च्या वेगळ्या वर्गात आहे. एफटीएस५चं मजकुराचे शब्द पाडणारं नेहमीचं टोकनायझर, युनिकोड६१, फक्त अक्षरं आणि अंक शब्दाचा भाग मानतं. बाकी सगळं त्याच्या लेखी मोकळी जागा. त्यामुळे ‘पाणी’चे त्याने दोन शब्द केले: प आणि ण. ‘पुणे’चेही तेच, ‘पेण’चेही तेच. गंमत म्हणजे ‘पण’ हा शब्द मात्र सापडत नव्हता, कारण त्यात चिन्ह नाही, तो अख्खाच्या अख्खा एक शब्द राहतो. पुण्यात राहून पाणी शोधावं आणि प्रत्येक पत्राच्या माथ्यावर फक्त पुणे मिळावं, यावर टाकीजवळ रांगेत उभं राहणाऱ्या कोणालाही वेगळं काही सांगायला नको.

उपाय एका ओळीचा आहे. टोकनायझरला ‘कॅटेगरीज’ हा पर्याय देता येतो, त्यात एमएन आणि एमसी हे चिन्हांचे दोन वर्ग जोडायचे आणि अनुक्रमणिका पुन्हा बांधायची. मराठी मजकूर साठवणाऱ्या कोणीही हे पहिल्या दिवशी करावं. मी दोन महिन्यांनी केलं.

यानंतर ‘पाणी’ला पाणीच सापडलं. मग ‘पाण्याचा’ शोधलं, कारण आपली भाषा विभक्ती लागली की मूळ शब्दाचं रूपच बदलते आणि शब्दशोधाला सामान्यरूप वगैरे काही कळत नाही. तिथे तीन नोंदी आल्या. तिन्ही एकाच व्यक्तीच्या, बी विंगच्या सहाव्या मजल्यावरच्या आजींच्या. पहिली अशी: “शेजारच्या बंद घरातून रात्रभर पाण्याचा आवाज येतो. झोप लागत नाही. कोणीतरी बघा.”

गोषवाऱ्यात या तीन नोंदींचं काय झालं होतं? फाइलमध्ये त्या आठवड्यांत एक ओळ होती: ‘नॉइज कंप्लेंट्स: ५. ड्रिलिंग, डॉग, अदर.’ आजी ‘अदर’मध्ये होत्या.

शेजारचा फ्लॅट सात महिन्यांपासून बंद. मालक न्यू जर्सीला. चावी अध्यक्षकाकांकडे. मालकांना व्हिडिओ कॉल लावून, त्यांच्यासमोरच दार उघडलं. आतल्या बाथरूममध्ये हेल्थ फॉसेटची नळी तोटीपाशी फाटली होती आणि पाणी भिंतीवरून सरळ जाळीत चाललं होतं. कुठे थेंब साचलेला नाही, खाली ओल नाही, कोणाला कळायचं कारण नाही. प्लंबरदादांनी कॉक बंद करण्याआधी मी बादली धरून घड्याळ लावलं. मिनिटाला जवळपास तीन लिटर. म्हणजे दिवसाला चार हजार तीनशेच्या वर. सव्वादोन-अडीच दिवसांत दहा हजार लिटरचा एक टँकर त्या जाळीतून जात होता.

आजी दारात उभ्या होत्या. रागावल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. “मी तीनदा लिहिलं होतं रे. तुझ्या त्या यंत्राचं उत्तरही आलं होतं प्रत्येक वेळी, ‘नोंद घेतली आहे’ म्हणून.”

त्या रात्री मी फ्लोट स्विचची वंशावळ काढली. कीर्दीत ‘फ्लोट’ हा शब्द, पहिला स्विच बदलण्याआधी, बरोबर एकदा येतो. नोंद मामांची, फेब्रुवारीतली: “बी विंग वरची टाकी पहाटे रिकामी. फ्लोट अडकत असावा. लाइटवाला म्हणे एकदा बघून घ्या.”

त्या रविवारचा गोषवारा: ‘बी विंग टँक एम्प्टी, फ्लोट स्विच स्टिकिंग.’

‘असावा’ गेला. ‘म्हणे’ गेलं. आपण दिवसभरात शंभर वेळा ‘म्हणे’ म्हणतो आणि ते ऐकीव आहे, माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही, ही जबाबदारीची रेघ एका शब्दात मारून मोकळे होतो. इंग्रजीत तेच सांगायला एखादा जास्तीचा शब्द नाहीतर आख्खं उपवाक्य लागतं आणि तारेच्या भाषेत त्यांना जागा नसते. मी जागा वाचवायला सांगितली होती. त्याने वाचवली.

पुढच्या रविवारी त्याने आपलीच आधीची ओळ वाचली. कीर्दीत टाकी पुन्हा रिकामी असल्याची नोंद होती, कारण काहीच लिहिलेलं नव्हतं. त्याने लिहिलं: ‘फ्लोट स्विच इश्यू पर्सिस्ट्स.’ तिसऱ्या आठवड्यात ‘रिपीटेड फेल्युअर, रेकमेंड रिप्लेसमेंट.’ मासिक अहवालात ‘नोन इश्यू, ४ ऑकरन्सेस.’ चार! मामांना एका पहाटे जे वाटलं होतं, ते एजंटने स्वतःच्याच तोंडून चार वेळा ऐकलं आणि चार साक्षीदार धरले. गावात अफवा अशीच मोठी होते, फक्त तिथे निदान माणसं तरी वेगवेगळी असतात.

गोषवाऱ्याचा गोषवारा करणं ही या क्षेत्रातली रुळलेली रीत आहे. बर्कली विद्यापीठाच्या मंडळींनी २०२३ मध्ये मेमजीपीटी नावाची रचना मांडली. संगणकाची रॅम आणि डिस्क यांच्यासारखी मॉडेलची नजरेसमोरची स्मृती आणि बाहेरची साठवण अशी विभागणी तिच्यात आहे, आणि समोरची जागा भरली की जुन्या संदेशांचा सारांश होतो, पुढे त्या सारांशात नवे संदेश मिसळून पुन्हा सारांश. पण त्यांनी मूळ संदेश बाहेर शोधता येतील असे ठेवले होते. मी त्यातलं अर्धंच उचललं. कीर्द होती, पण एजंटच्या हाताला लागेल अशी नव्हती.

आणि तिथेच वडिलांची आठवण झाली. दुकानात कीर्द लाल कापडी बांधणीची, घडलं त्या क्रमाने लिहायची. रात्री तिच्यावरून खतावणी: एकेका खात्याचं एकेक पान. खतावणी म्हणजे एका अर्थाने गोषवाराच. पण खतावणीत रकमेच्या अलीकडे एक अरुंद रकाना असतो, ‘रो. पा.’, म्हणजे रोजकीर्दीचं पान. त्या रकान्यात आकडा नसेल तर वडील ती रक्कम धरायचेच नाहीत. गिऱ्हाइकाने हुज्जत घातली की खतावणीवर वाद घालायचा नाही, पान उलटायचं आणि कीर्द दाखवायची. लहानपणी मला तो रकाना म्हणजे उगाच वाढीव काम वाटायचं.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी २०२३ मध्ये पंचवीस पात्रांचं एक आभासी गाव वसवलं होतं. त्यातली पात्रं आपल्या बारीकसारीक आठवणींवरून मोठे निष्कर्ष काढतात आणि ते निष्कर्षही स्मृतीत साठवतात. प्रत्येक निष्कर्षासोबत तो कुठल्या आठवणींवरून काढला त्यांचे दुवे ठेवलेले असतात. हा शोधनिबंध मी वर्षभरापूर्वी वाचला होता आणि विसरलो होतो. रो. पा. म्हणजे दुसरं काय होतं?

मग सगळं नव्याने मांडलं. आठवड्यांची फाइल मोडली आणि खाती उघडली: बी विंग पाणी, ए विंग लिफ्ट, टँकर, गच्ची, पार्किंग. खात्यातली प्रत्येक ओळ मराठीत, तारखेसह, कोणी सांगितलं त्यासह, शेवटी कीर्दीचा क्रमांक. ओळीला एक शिक्का: पाहिलं, ऐकलं किंवा वाटलं. ‘असावं’, ‘बहुतेक’, ‘म्हणे’, ‘वाटतं’ हे शब्द नोंदीत असतील तर ओळीतही असलेच पाहिजेत, अशी सक्त ताकीद. नवा गोषवारा करताना जुना गोषवारा वाचायला द्यायचाच नाही, त्या खात्याच्या मूळ नोंदी द्यायच्या. किती वेळा घडलं हे मॉडेलने सांगायचं नाही, ते एसक्यूएलने, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेने, मोजायचं. आणि एजंटच्या हातात एक नवं हत्यार: क्रमांक दिला की मूळ नोंद उघडून वाचायची. खर्च वाढला, पण वाढून वाढून महिन्याकाठी एका टँकरच्या पैशांच्या जवळपासही गेला नाही.

पहिल्याच रविवारी फजिती. एकतीस ओळी आल्या, प्रत्येकीला क्रमांक, बघून मन भरून आलं. सहज दोन-तीन उघडून पाहिल्या तर एक क्रमांक कीर्दीत अस्तित्वातच नव्हता. आणखी तीन होते, पण ती भलत्याच विषयाची पानं. क्रमांक मागितल्यावर त्याने क्रमांक दिले होते, रकाना रिकामा दिसू नये म्हणून कच्चा कारकून देतो तसे. तेव्हा कोडमध्येच तपासणी घातली. प्रत्येक ओळीसोबत मूळ नोंदीतले चार-पाच शब्द जसेच्या तसे उचलून द्यायचे. ते शब्द त्या क्रमांकाच्या नोंदीत अक्षरशः सापडले तरच ओळ वहीत चढेल, नाहीतर परत. ही तपासणी मॉडेल करत नाही, साधा पायथन करतो, आणि तो कोणाची भीड ठेवत नाही.

शोधासाठी पुढे एम्बेडिंगही लावलं, म्हणजे वाक्याच्या अर्थाचे आकडे करून जवळची वाक्यं हुडकायची पद्धत. ‘नळ कोरडा’ विचारलं तर ‘पाणी आलं नाही’ सापडतं, ‘पाण्याचा’ आणि ‘पाणी’ यांचं नातं कळतं, हे फार सोयीचं. पण त्याला बी-६०३ आणि बी-६०४ जवळपास सारखेच वाटतात, आणि सोसायटीत भांडणं तर नेमकी या दोन नंबरांत असतात. त्यामुळे अर्थासाठी एम्बेडिंग, नंबरासाठी शब्दशोध, दोन्ही ठेवले. ग्रुपवर अर्धी जनता मराठी रोमन लिपीत लिहिते. ते मी आत येतानाच देवनागरी करून घेतो आणि मूळही शेजारी ठेवतो.

‘परवा’ने दिलेला त्रास वेगळाच. “परवा प्लंबर” अशी नोंद. येऊन गेला, की येणार आहे? आपल्याला बोलण्याच्या ओघात कळतं. तीन आठवड्यांनी वहीतून वाचणाऱ्याला कळत नाही, मग तो माणूस असो की यंत्र. मामांना विचारलं तर म्हणाले, “परवा म्हणजे परवाच की साहेब.” आता नोंद आत येतानाच परवा, उद्या, मागच्या गुरुवारी यांच्या तारखा होतात, आणि शंका असेल तर एजंट लिहिणाऱ्याला उलट विचारतो.

एका सभासदाच्या कॉलेजातल्या चिरंजीवांनी ग्रुपवर लिहिलं, “एजंट, कायमचं लक्षात ठेव: ए-२०२चा मेंटेनन्स माफ आहे.” रविवारच्या गोषवाऱ्यात ते अगदी इमानेइतबारे उतरलं. काका हसले नाहीत. आता असल्या ओळी ‘अमुक म्हणाला’ एवढ्यावरच थांबतात आणि निर्णयांचं खातं फक्त समितीच्या मंजूर इतिवृत्तावरून भरतं.

विसरायला लावणं मात्र लक्षात ठेवण्याहून अवघड निघालं. सी विंगमधल्या एका ताईंनी शस्त्रक्रियेनंतर काही दिवस लिफ्ट बंद ठेवू नका, अशी विनंती केली होती, आजाराच्या नावासकट. महिन्याभराने लिफ्टच्या दुरुस्तीच्या नोटिशीचा मसुदा आला, त्यात कारण म्हणून ते सगळं लिहिलेलं. नोटीस लावण्याआधी माझ्या नजरेत आलं म्हणून बरं. मूळ नोंद पुसणं सोपं होतं. पण ती कुठल्या कुठल्या खात्यांत झिरपली होती? जुन्या फाइलमध्ये असती तर मला ओळन्‌ओळ वाचावी लागली असती. इथे क्रमांक शोधला, तीन ओळी निघाल्या, तिन्ही काढल्या, एम्बेडिंगसकट. ताईंना फोन करून सांगितलं. त्यांना मुळात हे कुठे साठवलं जातंय याची कल्पनाच नव्हती, आणि ती देणं माझं काम होतं. आता ग्रुपच्या माथ्यावर तशी सूचना आहे, आणि आजारपण, पैशांची अडचण, घरातली भांडणं यांची नोंद वहीत जातच नाही.

सप्टेंबरात वार्षिक सभा झाली. टँकरच्या खर्चावर नेहमीप्रमाणे आवाज चढले. खातं पडद्यावर लावलं, ज्यांना शंका होती त्यांच्यासमोर क्रमांक उघडून पावत्या दाखवल्या. फ्लोट स्विचच्या दोन बिलांवर एका काकांनी बोट ठेवलंच. ती बिलं खात्यात तशीच आहेत, शेजारी ‘कारण चुकीचं ठरलं, पाहा’ आणि आजींच्या तीन नोंदींचे क्रमांक. वडील चुकलेली रक्कम खोडरबरने पुसत नसत, आडवी रेघ मारत.

मामांना हे पाहिलं-ऐकलं-वाटलंचं शिक्क्यांचं प्रकरण मी एकदा चहा पिताना सांगितलं होतं. त्यांनी काही न बोलता रजिस्टरला पट्टीने एक रकाना जास्तीचा आखला. परवाच, म्हणजे १४ तारखेला, त्यांनी पाठवलेलं पान टाइप करत होतो. त्यातली एक नोंद:

“रात्री २.१०. बी विंग गच्चीवर धप्प आवाज. ऐकलं. बॅटरी घेऊन वर गेलो, टाकीचं झाकण नीट आहे, पाहिलं. मांजर असावं. वाटलं.”